विश्लेषण : ‘भावा, फायनल किती?’ – ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या फोटो-व्हिडिओचा भाव नेमका कशाचा असतो?

“भावा, फोटो भारी आहे. आम्हाला पाहिजे. फायनल किती?”

कोल्हापुरात कॅमेरा किंवा चांगला मोबाइल घेऊन फिरणाऱ्या कुणालाही असा मेसेज नवा नाही. पन्हाळ्यावरचं धुकं, पावसातला रंकाळा, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना, लाल मातीतली कुस्ती. असं काही इन्स्टाग्रामवर टाकलं आणि ते चाललं, की विचारणा सुरू होते. कुणाला हॉटेलच्या जाहिरातीसाठी फोटो हवा असतो, कुणाला यूट्यूब चॅनलसाठी क्लिप, तर कुणाला आपल्या ब्रँडसाठी रील. मग ठरलेला खेळ रंगतो. विकणारा दहा हजार म्हणतो, घेणारा चार म्हणतो आणि सात हजारांवर ‘चला, तुमचं नको, माझं नको’ होतं.

फाइल पाठवली, पैसे आले, विषय संपला. खरं तर विषय इथे सुरू होतो. सहा महिन्यांनी तोच फोटो महामार्गावरच्या होर्डिंगवर दिसतो. वर्षाने दुसऱ्याच कंपनीच्या पॅकिंगवर येतो. फोटोग्राफर विचारायला गेला, की उत्तर तयार असतं : “पैसे दिले होते की!”

सात हजार नेमके कशाचे दिले होते, हे दोघांनीही ठरवलेलंच नसतं. ऑनलाइन फोटो, व्हिडिओ, गाणी, आवाज यांच्या व्यवहारातली बहुतेक भांडणं इथूनच उगवतात.

गुळाचा रवा आणि फोटोची फाइल यांत फरक काय?

कोल्हापूरला भाव करायला कुणी शिकवायची गरज नाही. मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर होणाऱ्या सौद्यांची तर बातमी होते. तिथला हिशेब सरळ आहे. गुळाचा रवा समोर असतो, त्याचा रंग दिसतो, वजन करता येतं. बोली लागते, माल गाडीत चढतो. रवा एकदा गेला की शेतकऱ्याकडे उरत नाही आणि घेणाऱ्यालाही तो एकदाच विकता येतो.

फाइलचं तसं नाही. ती कितीही जणांना दिली तरी मूळ फाइल जागेवरच असते. आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच खर्च येत नाही. म्हणूनच घेणाऱ्याला वाटतं, “तुझं काय जातंय?” आणि विकणाऱ्यालाही त्यावर पटकन उत्तर सुचत नाही.

उत्तर आहे, पण त्यासाठी विकलं काय जातंय हे आधी पाहावं लागतं. फोटोच्या व्यवहारात विकली जाते ती परवानगी. हा फोटो कुठे, किती काळ आणि कशासाठी वापरता येईल याची मुभा म्हणजे माल. फाइल ही फक्त तो माल पोहोचवण्याची पिशवी. इन्स्टाग्रामवरची एक पोस्ट आणि राज्यभरातली होर्डिंग यांसाठी फाइल तीच लागते, पण घेणाऱ्याला होणारा फायदा वेगळा असतो. म्हणून भावही वेगळा असायला हवा.

कोल्हापूरच्या चित्रपटधंद्याला ही गोष्ट जुनीच. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपटही तिचाच. या धंद्यात चित्रपटाचे हक्क वाटून विकण्याची रीत रुळली : अमुक प्रदेशात, अमुक मुदतीपुरते, अमुक वितरकाला. एकच चित्रपट, पण सौदे अनेक. आज मोबाइलवर क्लिप विकणारा तरुण तोच धंदा करतो. फरक इतकाच, की त्याच्या सौद्यात प्रदेश नसतो, मुदत नसते आणि कागदही नसतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात हा विषय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये येतो. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. भाव ठरवताना त्यातल्या काही तरतुदी माहीत असल्या, तर बोलण्याचा सूरच बदलतो.

पहिली गोष्ट मालकीची. फोटोग्राफरने स्वतःच्या मनाने, स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो स्वतः. त्यासाठी नोंदणी लागत नाही. फोटो निर्माण झाला, की हक्क निर्माण झाला. पण कायद्याच्या कलम १७ मध्ये एक मेख आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा व्हिडिओ बनवला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा ठरतो.

लग्नाच्या हंगामात याचा अर्थ मोठा आहे. न्यू पॅलेस परिसरात किंवा पन्हाळ्यावर केलेलं प्री-वेडिंग शूट आपलंच, असं समजून फोटोग्राफर ते पेजवर टाकतो, जाहिरातीला वापरतो. करारात तसं लिहिलं नसेल, तर कायदा जोडप्याच्या बाजूने उभा राहू शकतो. एखाद्या दुकानासाठी पैसे घेऊन बनवलेल्या रीलचंही तसंच. ‘काम माझं, म्हणून हक्क माझा’ हे इथे आपोआप लागू होत नाही. हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल, तर काम घेतानाच लिहून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट कागदाची. कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे, तर लेखी करार आणि देणाऱ्याची सही हवी. कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे त्यात असायला हवं. वापरण्याची नुसती परवानगी, म्हणजे परवाना द्यायचा, तरी तो लेखी हवा. नुसत्या फोनवर ‘घे वापर’ म्हटल्याने हक्क विकले जात नाहीत.

तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणजे कागद अर्धवट असला, तरी कायदा ‘कायमचं आणि जगभर’ असं मानत नाही. उलट, करारात ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असे शब्द असतील, तर ते नुसते छापील शब्द नसतात. त्यांनी पाच वर्षांचं संरक्षण काढून घेतलेलं असतं. त्याचे पैसे मागायलाच हवेत.

चौथी गोष्ट भविष्याची. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात आलं नव्हतं, त्याला तो करार लागू होत नाही. त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख असेल, तरच होतो. २०१२च्या दुरुस्तीने ही तरतूद आणली. चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराला आणि संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातला समान वाटा सोडून देता येणार नाही, असंही याच दुरुस्तीने ठरलं. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी जोर लावला होता. त्यामागचं दुखणं साधं होतं : लिहिणाऱ्यांनी एकरकमी पैशांत हक्क दिले आणि पुढे रिंगटोन, कॉलर ट्यून, स्ट्रीमिंग असे नवे मार्ग उघडले. त्यांतला पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

पाचवी गोष्ट नावाची. हक्क विकले, तरी ‘ही माझी निर्मिती आहे’ असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली निर्मात्याकडे राहतो.

काही सेकंदांच्या क्लिपची किंमत लाखांत कशी जाते?

भाव आधी ठरला नाही, तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मे २०२५ मध्ये देशाने पाहिलं. यूट्यूबर मोहक मंगल याने एका व्हिडिओत एएनआय या वृत्तसंस्थेवर आरोप केला. आपल्या व्हिडिओंत काही सेकंदांच्या क्लिप वापरल्याबद्दल एएनआयने कॉपीराइट स्ट्राइक दिले आणि ते मागे घेण्यासाठी ४५ ते ५० लाख रुपयांच्या घरातली रक्कम मागितली, असा त्याचा दावा होता. आपण आपल्या मालकीच्या मजकुराचं कायदेशीर संरक्षण करत आहोत, अशी एएनआयची भूमिका होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे मंगलला व्हिडिओतले काही शब्द काढावे लागले.

कोण बरोबर, हा वेगळा वाद. टीका, समीक्षा किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी मर्यादित वापराची मुभा कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. ती नेमकी किती सेकंदांपर्यंत, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ हा सोशल मीडियावरचा समज आहे, नियम नाही.

सौद्याच्या दृष्टीने पाहिलं, तर इथे ताकद कुणाकडे होती, हे महत्त्वाचं. यूट्यूबच्या नियमानुसार ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले, की चॅनल बंद होऊ शकतं. अशा वेळी भाव क्लिपचा राहत नाही. वर्षानुवर्षं उभारलेल्या चॅनलचा होतो. वापरण्याआधी विचारलं असतं, तर घेणाऱ्याला ‘नको, दुसरी क्लिप बघतो’ म्हणता येतं. वापरून झाल्यावर ते म्हणता येत नाही.

कोल्हापुरात स्थानिक बातम्यांची, कुस्तीची, फुटबॉलची, खाद्यपदार्थांची चॅनल पुष्कळ आहेत. त्यांना हा धडा दोन्ही बाजूंनी लागू होतो. दुसऱ्याची क्लिप उचलली, तर आपण त्या जागी असतो. आपली क्लिप दुसऱ्याने उचलली, तर सौद्याची दोरी आपल्या हातात असते. २०१९ आणि २०२१च्या महापुरात जिल्ह्यातल्या लोकांनी काढलेले व्हिडिओ देशभर फिरले. अशा वेळी माहिती पोहोचणं आधी, पैसा नंतर, हे कुणीही मान्य करेल. पण मूळ फाइल आणि ती कधी काढली याची नोंद जपून ठेवली, तर नंतर नाव किंवा मोबदला मागण्याचा मार्ग खुला राहतो.

कुठे भाव करता येतो आणि कुठे नाही?

ऑनलाइन बाजार दोन प्रकारचा आहे. एका बाजारात भाव ठरलेला असतो. यूट्यूब लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला देतं, शॉर्ट्ससाठी हा वाटा ४५ टक्के आहे. फायव्हरसारख्या फ्रीलान्स संकेतस्थळावर काम करणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापले जातात. तिथे ‘जरा बघा की’ म्हणायला समोर कुणी नसतं. भाव करायचा नसतो, फक्त जायचं की नाही ते ठरवायचं असतं.

दुसरा बाजार इनबॉक्सचा. तिथे दरपत्रक नसतं. शेजारच्या फोटोग्राफरने किती घेतले, हे कुणी सांगत नाही. अशा ठिकाणी जो पहिला आकडा बोलला जातो, त्याच्याच आसपास पुढची बोलणी फिरत राहतात. म्हणून ‘तुमचं बजेट सांगा’ आणि ‘तुम्ही रेट सांगा’ अशी ढकलाढकली चालते.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे आकड्याआधी वापर विचारणं. प्रश्न सहाच आहेत :

• फोटो किंवा व्हिडिओ कुठे वापरणार? फक्त सोशल मीडिया, की वेबसाइट, छापील जाहिरात, होर्डिंग, पॅकिंग?
• किती काळ?
• कोणत्या भागात?
• फक्त तुम्हालाच हवा, की इतरांना दिला तरी चालेल?
• त्यात काटछाट, बदल, एआय वापरून फेरफार करणार का?
• नाव देणार का?

या सहा उत्तरांवर भाव उभा राहतो. आणि भाव कमी करायचा झाला, तर तोही याच उत्तरांतून कमी करता येतो.

घासाघीस कशी करावी?

समजा, एका फोटोसाठी दहा हजार सांगितले आणि समोरचा चार हजारांवर अडून बसला. ‘सात करा’ म्हटलं, तर विकणाऱ्याने तोच माल तीन हजार कमी घेऊन दिला. म्हणजे आधीचे दहा हजार हवेतलेच होते, असा संदेशही गेला. त्याऐवजी तो असं म्हणू शकतो : “चार हजारांत देतो. फक्त इन्स्टाग्रामसाठी, सहा महिन्यांसाठी, आणि इतरांना द्यायला मी मोकळा. होर्डिंग, पॅकिंग आणि वर्षभरासाठी हवा असेल, तर दहा.”

आता किंमत कमी झाली आणि मालही कमी झाला. घेणाऱ्याला निवड मिळाली, विकणाऱ्याचा दर टिकला. सहा महिन्यांनी तो फोटो चालला, तर मुदतवाढीचे वेगळे पैसे मिळतात. नाही चालला, तर घेणाऱ्याचेही सहा हजार वाचले. गुळाच्या सौद्यात एका पार्टीला जिंकण्यासाठी दुसरीला थोडं सोडावं लागतं. इथे दोघांना पटेल असा तुकडा कापता येतो, कारण माल कापण्यासारखा आहे.

घेणाऱ्याच्याही काही रास्त अपेक्षा असतात. दुकानदाराला उद्या नोटीस नको असते. म्हणून त्यानेही विचारावं : हा फोटो तुम्हीच काढला आहे ना? त्यात ओळखू येणाऱ्या व्यक्तींनी जाहिरातीला संमती दिली आहे का? रीलमध्ये वापरलेल्या गाण्याचे हक्क आहेत का? इन्स्टाग्रामवर व्यवसायाच्या खात्यांना गाण्यांची निवड मर्यादित असते, ती याच कारणाने. मित्राच्या वैयक्तिक रीलवर चाललेलं हिंदी गाणं दुकानाच्या जाहिरातीवर टाकलं, तर जबाबदारी दुकानाची येऊ शकते. या प्रश्नांची लेखी उत्तरं देणाऱ्याला चार पैसे जास्त देणं परवडतं.

‘एक्स्पोजर’ आणि बार्टरचं काय?

‘पैसे नाहीत, पण तुमचं नाव होईल’ ही ऑफर दरवेळी वाईटच असते असं नाही. पण मग ते नाव कुठे, किती मोठं आणि किती दिवस दिसणार, हे लिहून घ्यावं. जे मोजता येत नाही, ते मोबदला म्हणून धरता येत नाही.

वस्तूच्या बदल्यात रील, म्हणजे बार्टर, हाही व्यवहारच आहे. १ जुलै २०२२ पासून एखाद्याला व्यवसायाच्या निमित्ताने वर्षात २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू किंवा सवलती मिळाल्या, तर देणाऱ्या कंपनीवर १० टक्के टीडीएसची जबाबदारी येते. वस्तू परत केली, तर प्रश्न वेगळा. स्वतःकडे ठेवली, तर ते उत्पन्न आहे. म्हणून फुकट मिळालेल्या मोबाइलचा भावही कराराच्या वेळीच धरावा. शिवाय पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या रीलवर ती जाहिरात असल्याचं ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

फसवणूक कुठे होते?

बोलणी जमली, की पैशांच्या वेळी घात होतो. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हटलं, तर तिथेच थांबावं. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन फक्त देण्यासाठी लागतो. फसवणूक झालीच, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

विकणाऱ्यासाठी साधी शिस्त पुरते. आधी कमी दर्जाची, नाव छापलेली प्रत दाखवावी. काही रक्कम आगाऊ घ्यावी. पूर्ण दर्जाची फाइल उरलेले पैसे आल्यावर द्यावी.

मग पुढच्या वेळी काय करायचं?

वकील गाठून पंधरा पानी करार करायला छोट्या कामात कुणाला वेळ नसतो. पण एक ईमेल सगळ्यांना जमतो. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या कराराला माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली आहे. कोणता फोटो, कुठे, किती काळ, किती पैसे, नाव कसं देणार आणि ‘याव्यतिरिक्त सर्व हक्क फोटोग्राफरकडे राहतील’ हे शेवटचं वाक्य. समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्यावं. वापराच्या परवान्यासाठी हे बरंच काम करतं. हक्क कायमचे द्यायचे असतील, तर मात्र सही असलेला करारच हवा.

आता यात आणखी एक ओळ घालायची वेळ आली आहे. आवाज देणारे, फोटो काढणारे, लिहिणारे यांच्या कामावर एआयची साधनं शिकवली जातात. एकदा रेकॉर्ड केलेल्या आवाजातून नवी वाक्यं तयार करता येतात. त्यामुळे एका जाहिरातीसाठी दिलेला आवाज पुढे किती जाहिरातींत बोलेल, हे करारातल्या एका ओळीवर अवलंबून राहतं. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ या जुन्या वाक्याची किंमत त्यामुळे वाढली आहे. ते वाक्य सात हजारांत देणं म्हणजे रवा विकायला जाऊन गुऱ्हाळ देऊन येणं.

तेव्हा पुढच्या वेळी “भावा, फायनल किती?” असा मेसेज आला, की उत्तरात आकडा पाठवायची घाई नको. आधी एवढंच विचारावं : “कशासाठी पाहिजे?”